श्वान निवाऱ्यातील उष्माघात प्रतिबंध प्रकल्प : कामाच्या नोंदी

१० फेब्रुवारी

आजच्या बैठकीत प्रकल्पाची व्याप्ती ठरली. निवाऱ्यात कायमस्वरूपी राहणारे, उपचारांसाठी काही काळ ठेवलेले आणि दत्तक जाण्याच्या प्रतीक्षेत असलेले सर्व कुत्रे या कामात येतील. याशिवाय, निवाऱ्यातून कुत्रे दत्तक घेतलेल्या कुटुंबांना दूरध्वनीवरून सल्ला देण्याची जबाबदारीही आपण स्वीकारली आहे. उन्हाळा सुरू होण्याआधी बांधकामाचे बदल, दिनक्रमाचे बदल आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण अशी तीनही कामे मार्गी लागावीत, असे सर्वांचे मत पडले. निवाऱ्याच्या पशुवैद्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली, ती येथे ठळकपणे नोंदवून ठेवतो. उष्माघात झालेल्या कुत्र्यावर रुग्णालयात होणारे उपचार कितीही चांगले असले, तरी तो तेथे पोहोचेपर्यंतच्या वेळात त्याचे शरीर किती तापलेले राहिले, यावर त्याचे जगणे फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. म्हणून या प्रकल्पातील प्रत्येक निर्णय घेताना आपण एकच प्रश्न विचारणार आहोत, की या उपायामुळे कुत्र्याचे शरीर जास्त तापलेले राहण्याचा काळ कमी होतो का.

१८ फेब्रुवारी

काळजीवाहकांसाठी माहितीपत्रक लिहिण्यापूर्वी कुत्र्याचे शरीर उष्णता बाहेर कशी टाकते, याची नीट मांडणी केली. कारण न समजता पाळलेला नियम घाईच्या प्रसंगी हमखास विसरला जातो, असा माझा अनुभव आहे.

कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे ते माणसापेक्षा मुळातच थोडे जास्त असते. माणसाप्रमाणे संपूर्ण त्वचेतून घाम गाळून थंड होण्याची सोय कुत्र्याला नाही. त्याच्या पंजांच्या तळव्यांत घामग्रंथी असतात, पण शरीर थंड करण्याच्या कामी त्यांचा उपयोग नगण्यच असतो. हवा शरीरापेक्षा पुरेशी थंड असेल, तर त्वचेतून उष्णता आपोआप बाहेर जात राहते. मात्र हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ येऊ लागले की हा मार्ग जवळजवळ बंद होतो आणि बाष्पीभवन एवढा एकच मार्ग उरतो. कुत्र्याच्या बाबतीत हे बाष्पीभवन मुख्यत्वे नाक, तोंड आणि जीभ यांच्या ओलसर पृष्ठभागांवरून, धापण्याच्या क्रियेतून होते.

धापण्याची ही यंत्रणा अतिशय कार्यक्षम आहे. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला १५ ते ३० असणारे श्वास धापताना ३०० च्याही पुढे जातात. एवढ्या वेगाने स्नायू हलवायचे तर त्यातूनच बरीच उष्णता निर्माण व्हायला हवी, परंतु कुत्रा आपल्या श्वसनसंस्थेच्या नैसर्गिक कंपनवेगाच्या (झोक्यासारखी ती थोड्या जोरातही हलत राहते, त्या वेगाच्या) जवळपासच धापतो, त्यामुळे त्यासाठी लागणारी ऊर्जा कमी राहते. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून असे दिसले होते, की धापताना कुत्रा बहुतांश हवा नाकातून आत घेतो आणि गरजेप्रमाणे नाकातून व तोंडातून बाहेर सोडतो, म्हणजे हवा ओल्या पृष्ठभागांवरून मुख्यत्वे एकाच दिशेने वाहत राहते. नाकात दोन्ही बाजूंना असलेल्या ग्रंथी त्यासाठी लागणारा ओलावा पुरवतात.

यावरून तीन गोष्टी सरळ निघतात. नाकाचा मार्ग अरुंद असेल तर यंत्रणा लंगडी पडते, शरीरातील पाणी कमी झाले तर ती कोरडी पडते आणि हवेत आर्द्रता जास्त असेल तर ती कितीही जोरात चालली तरी फळ देत नाही. माहितीपत्रकाचा पाया याच तीन वाक्यांवर ठेवला आहे.

२ मार्च

जोखमीच्या कुत्र्यांची यादी आज पूर्ण झाली. प्रत्येकाच्या खोलीच्या दारावर रंगीत पट्टी लावण्यात आली आहे, म्हणजे नव्या माणसालाही कोणाकडे आधी पाहायचे ते लगेच कळेल.

यादी करताना ब्रिटनमधील रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या व्हेटकंपास प्रकल्पातील अभ्यासाचा फार उपयोग झाला. २०१६ या वर्षातील ९ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यांतील नोंदी तपासून तो अभ्यास करण्यात आला होता आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात उष्णतेमुळे झालेल्या आजाराची ३९५ प्रकरणे निश्चित झाली आणि त्यांपैकी सुमारे १४ टक्के कुत्रे दगावले. लॅब्राडोरशी तुलना करता चाऊ चाऊ जातीची जोखीम सुमारे १७ पट, बुलडॉगची सुमारे १४ पट आणि फ्रेंच बुलडॉगची सुमारे ६ पट आढळली. आखूड नाकाच्या कुत्र्यांना धोका जास्त असतो हे सर्वांनाच ठाऊक असते, पण तो किती जास्त असतो हे आकडे पाहिल्यावरच मनावर ठसते. त्याच अभ्यासात वजनाचा संबंधही स्पष्ट दिसला. आपल्या जातीच्या सरासरीहून जड असलेल्या कुत्र्यांमध्ये आजाराचे प्रमाण अधिक होते.

आपल्या यादीत म्हणून केवळ पग आणि बॉक्सर आलेले नाहीत. लठ्ठ कुत्रे, वयस्क कुत्रे, हृदयविकाराचे रुग्ण, श्वासनलिका आक्रसण्याचा किंवा स्वरयंत्राच्या पक्षाघाताचा त्रास असलेले कुत्रे आणि पूर्वी एकदा उष्माघात होऊन गेलेले कुत्रे, या सर्वांना लाल पट्टी दिली आहे. स्वरयंत्राच्या पक्षाघाताबद्दल काळजीवाहकांना विशेष सांगावे लागले, कारण असा कुत्रा थंडीच्या दिवसांत जवळजवळ निरोगी वाटतो. फक्त त्याचा आवाज बदललेला असतो आणि श्वास घेताना घरघर ऐकू येते. उन्हाळ्यात मात्र धापण्यासाठी हवेचा मार्ग पूर्ण उघडतच नाही आणि धापण्याच्या प्रयत्नाने घशाला सूज येऊन तो मार्ग आणखी अरुंद होतो. आपल्याकडील दोन वृद्ध कुत्र्यांचा आवाज अलीकडे बसलेला असल्याचे एका काळजीवाहकाने या चर्चेतच सांगितले. त्या दोघांची तपासणी या आठवड्यात करून घ्यायची आहे.

१४ मार्च

पत्र्याच्या छपराचे काम सुरू झाले. दुपारी पत्र्याच्या खालच्या बाजूला हात जवळ नेला तरी धग जाणवते, आणि ही धग हवेच्या तापमापकात पूर्णपणे उमटत नाही. सावलीत टांगलेला तापमापक हवा किती तापली आहे एवढेच सांगतो. तापलेल्या छपरातून आणि भिंतीतून कुत्र्याच्या अंगावर किरणांच्या रूपात येणारी उष्णता मोजायची तर काळा रंग दिलेल्या पोकळ गोळ्यात बसवलेला तापमापक लागतो. असा एक गोळा आपण मागवला असून तो मधल्या खोलीत कुत्र्याच्या उंचीवर टांगला जाईल. माणसाच्या डोक्याच्या उंचीवरचे वाचन येथे फारसे कामाचे नाही.

छपरावर पांढरा परावर्तक रंग द्यायचा, पत्र्याखाली उष्णतारोधक थर बसवून दोहोंमध्ये हवा खेळण्यापुरती जागा सोडायची आणि भिंतींच्या वरच्या भागात समोरासमोर झरोके पाडायचे, असा क्रम ठरला आहे. मोकळ्या अंगणावर शेडनेट ताणताना ती पत्र्याला किंवा भिंतीला चिकटणार नाही, अशी उंची ठेवण्याची सूचना कारागिरांना दिली. जाळीखालून गरम हवा निसटली पाहिजे. झाडांची सावली जाळीच्या सावलीपेक्षा अधिक गार असते, कारण पानांतून पाणी बाहेर पडताना पानेही थंड राहतात. म्हणून अंगणातील जुन्या झाडांच्या एकाही फांदीला हात लावायचा नाही, असे मी स्वतः आग्रहाने सांगितले आहे.

लादीवर पसरून झोपणे हा कुत्र्याचा स्वतःचा उपाय असतो आणि थंड लादी त्याच्या पोटाकडील विरळ केसांच्या भागातून उष्णता शोषून घेते. त्यामुळे खोलीत उंच खाट ठेवली तरी अर्धी लादी मोकळी सोडण्यात येईल आणि कुठे पडायचे ते कुत्र्यालाच ठरवू दिले जाईल.

२७ मार्च

पाण्याची व्यवस्था झाली. प्रत्येक खोलीत दोन जड भांडी ठेवली आहेत, म्हणजे एक उलटले तरी दुसरे राहते. कुत्र्याला एरवी दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. धापण्यात पाणी खर्ची पडू लागले की ही गरज बरीच वाढते. भांडी सावलीत आहेत ना आणि पाणी कोमट झालेले नाही ना, हे दुपारच्या फेरीत हात बुडवून पाहायचे आहे.

५ एप्रिल

दिनक्रम बदलण्यावर आज बरीच चर्चा झाली आणि ती होणे आवश्यकही होते. उष्माघात म्हटले की बंद मोटारीत अडकलेला कुत्रा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो. तो धोका खराच आहे. पण व्हेटकंपासच्याच दुसऱ्या अभ्यासात, ज्या प्रकरणांचे कारण नोंदलेले होते त्यांपैकी सुमारे ७४ टक्के प्रकरणे व्यायामामुळे, सुमारे १३ टक्के केवळ गरम वातावरणामुळे आणि सुमारे ५ टक्के वाहनात अडकल्यामुळे घडलेली दिसली. म्हणजे सावली, पंखे आणि पाणी यांवर कितीही मेहनत घेतली आणि सकाळी फिरायला नेलेल्या कुत्र्याला चेंडूमागे धावायला लावले, तर प्रकरणांचा सर्वांत मोठा वाटा आपण तसाच सोडून दिल्यासारखे होईल.

धावणाऱ्या कुत्र्याचे स्नायू वापरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपात सोडतात. उत्साही कुत्रा स्वतःहून थांबत नाही. त्याला खेळाचे आणि माणसाला खूश करण्याचे इतके वेड असते, की शरीर थांबायला सांगत असतानाही तो चेंडू घेऊन परत येतो. म्हणून कधी थांबायचे हे माणसाने ठरवावे, हा या ऋतूतील सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणून फलकावर लिहिला आहे. चेंडूफेक, सायकलसोबत धावणे आणि कुत्र्यांच्या मोठ्या टोळ्यांचा एकत्र धिंगाणा हे सर्व आता पूर्ण बंद राहील. सकाळची फेरी सूर्य वर येण्यापूर्वी आटोपली जाईल. संध्याकाळच्या फेरीसाठी सूर्य मावळणे पुरेसे नसून जमीनही निवलेली असली पाहिजे. व्यायामाची भूक भागवण्यासाठी खोलीतच वासावरून खाऊ शोधण्याचे खेळ, चघळायची खेळणी आणि गोठवलेला खाऊ दिला जाईल. कुत्र्याला नाक वापरायला लावणारे वीस मिनिटांचे काम त्याला चांगलेच थकवते, हे येथील जुन्या काळजीवाहकांनी अनेकदा पाहिले आहे.

ऋतूच्या सुरुवातीच्या उष्ण दिवसांबद्दल अधिक सावध राहायचे आहे. उष्णतेशी जुळवून घेण्यास कुत्र्याच्या शरीराला वेळ लागतो. अंशतः जुळवून घेण्यास १० ते २० दिवस आणि पूर्णपणे जुळवून घेण्यास सुमारे ६० दिवस लागू शकतात. त्यामुळे अचानक तापलेला पहिला आठवडा भर उन्हाळ्यातील तितक्याच तापलेल्या आठवड्याहून अधिक घातक ठरू शकतो. थंड प्रदेशातून आणलेला किंवा वातानुकूलित घरातून नुकताच निवाऱ्यात आलेला कुत्राही याच कारणाने काही आठवडे लाल पट्टीखाली राहील.

१६ एप्रिल

आज अनेक छोटी कामे एकत्र निकाली काढली.

डांबरी रस्त्याचा नियम असा, की हाताचा पालथा पंजा जमिनीवर सात सेकंद सहज ठेवता आला नाही तर कुत्र्याला त्या जमिनीवरून न्यायचे नाही. कडक उन्हात डांबराचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि तळव्यांची कातडी अशा जमिनीवर फार लवकर भाजते. शिवाय कुत्र्याचे पोट जमिनीच्या इतके जवळ असते, की आपल्याला कमरेच्या उंचीवर सुसह्य वाटणारी हवा त्याच्यासाठी भट्टीसारखी असते.

तोंड घट्ट बांधणारी कापडी मुसकी उन्हाळ्यात वापरायची नाहीत, कारण तोंड उघडता आले नाही तर धापताच येत नाही. ज्यांना मुसके लावणे भागच आहे, त्यांच्यासाठी जीभ बाहेर काढता येईल अशी ऐसपैस जाळीदार मुसकी आणली आहेत.

केसांबद्दल दत्तक कुटुंबांकडून सतत विचारणा होते. दुहेरी आवरणाच्या जातींचे केस वस्तऱ्याने त्वचेपर्यंत काढू नयेत, असे आपण सर्वांना सांगत आहोत. वरचे लांब केस उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात आणि काही कुत्र्यांमध्ये ते नंतर नीट उगवतही नाहीत. आतील मऊ, गळलेले केस रोज विंचरून काढले की हवा त्वचेपर्यंत पोहोचते. गुंता झालेले, ओलावा धरून ठेवणारे केस मात्र कापलेच पाहिजेत.

वाहनासंबंधीचा नियम अपवादविरहित ठेवला आहे. उभ्या मोटारीतील तापमानवाढीवरील २००५ सालच्या एका अभ्यासात असे आढळले होते, की तासाभरातील एकूण वाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि काच थोडी खाली ठेवल्याने तिच्यात लक्षणीय फरक पडत नाही. बाहेर २२ अंश असतानाही आतील तापमान ४७ अंशांच्या आसपास गेले होते. त्यामुळे "दोन मिनिटांत येतो" हे कारण आपल्या रुग्णवाहिकेच्या चालकालाही चालणार नाही. कुत्रा आत असेल तर माणूसही आत असेल आणि वातानुकूलन यंत्र सुरू असेल.

२४ एप्रिल

प्रथमोपचाराचा सराव सर्व काळजीवाहकांकडून करून घेतला. पशुवैद्यांनी दोन तास दिले आणि प्रश्नांची उत्तरे न कंटाळता दिली.

लक्षणे ओळखण्यासाठी तीन पायऱ्या शिकवण्यात आल्या. पहिल्या पायरीत कुत्रा विश्रांतीनंतरही जोरजोरात धापत राहतो, चालायला नाखूश असतो आणि सावली शोधतो. दुसऱ्या पायरीत हिरड्या गडद लाल होतात, लाळ घट्ट व चिकट होते, उलटी किंवा जुलाब होतात, चालताना तोल जातो किंवा तो क्षणभर कोसळून पुन्हा उठतो. तिसऱ्या पायरीत झटके येतात, शुद्ध हरपते, रक्तमिश्रित जुलाब होतात किंवा त्वचेवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. उपचार पहिल्याच पायरीवर सुरू करायचे आहेत. फक्त आकड्याची वाट पाहायची नाही, कारण शर्यतीत धावणाऱ्या निरोगी ग्रेहाउंडचे तापमानही धावल्यावर ४१ अंशांच्या पुढे जाऊ शकते. उलट, आजारी कुत्र्यावर आधीच पाणी ओतलेले असेल तर तपासणीच्या वेळी त्याचे तापमान सामान्यही भरू शकते. वागणे बदलले असेल तर तोच इशारा मानावा.

यानंतर थंड करण्याची पद्धत प्रत्यक्ष करून दाखवण्यात आली. तरुण आणि एरवी निरोगी कुत्रा व्यायामाने तापला असेल तर त्याला थंड पाण्याच्या टबात मानेपर्यंत ठेवणे सर्वांत वेगवान ठरते. वृद्ध किंवा आजारी कुत्र्याच्या अंगावर पाणी ओतून त्याच वेळी पंख्याचा जोरदार वारा द्यायचा. बर्फाळ पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत कोंडते, म्हणून फक्त कोमट पाणी वापरावे, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जात होता. आता त्या सल्ल्याला आधार उरलेला नाही. शरीरापेक्षा थंड असलेले, हाताशी असलेले कोणतेही पाणी तत्काळ वापरावे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, कारण काही मिनिटांतच तो गरम होतो आणि खाली गरम, दमट हवा धरून ठेवतो. ब्रिटनमधील नोंदींत कुत्र्यांना थंड करण्यासाठी सर्वाधिक वापरलेला उपाय हाच टॉवेल होता आणि दवाखान्यात नेण्यापूर्वी थंड केलेल्या कुत्र्यांचे प्रमाण सुमारे पाचात एकच होते, हे वाचून मला अतिशय वाईट वाटले होते. तेथील संशोधकांचा संदेश आपण जसाच्या तसा घेतला आहे : आधी थंड करा, मग घेऊन निघा.

एका काळजीवाहकाने विचारले, की एवढ्याशा पाण्याने खरोखर काय साधते. त्याचा हिशेब फळ्यावर मांडला. वीस किलोच्या कुत्र्याचे तापमान एका अंशाने उतरवायचे तर सुमारे ७० किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि एक मिलिलिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खर्च होते. म्हणजे ती सर्व उष्णता शरीरातूनच घेतली गेली, तर जेमतेम ३० मिलिलिटर पाण्याची वाफ पुरते. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतूनही घेतली जाते आणि बरेचसे पाणी नुसतेच ओघळून जाते, त्यामुळे पाणी याहून पुष्कळ जास्त लागते. तरीही वाऱ्याचे महत्त्व या हिशेबावरून सर्वांना पटले, कारण वाऱ्याशिवाय ती वाफ होणारच नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कामकरी श्वान केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेली एक युक्तीही शिकवायला घेतली आहे. पाण्यात ठेवलेला खाऊ उचलण्यासाठी स्वतःहून डोके बुडवायला शिकवलेले कुत्रे व्यायामानंतर इतर पद्धतींपेक्षा लवकर थंड झाले. शुद्धीवर असलेल्या, उलटी न होणाऱ्या आणि नीट श्वास घेणाऱ्या कुत्र्यासाठीच ही युक्ती आहे. जबरदस्तीने कोणाचेही डोके पाण्यात घालायचे नाही, हे मी दोनदा बजावले.

तापनाशक गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत. तापात मेंदूच शरीराचे ठरलेले तापमान वाढवतो आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूने काहीही वाढवलेले नसते, त्यामुळे गोळीचा उपयोग होत नाही, मात्र यकृत, मूत्रपिंड आणि आतडी यांना इजा होण्याची शक्यता वाढते.

९ मे

सकाळी आठच्या सुमारास एका दत्तक कुटुंबाचा दूरध्वनी आला. त्यांचा चार वर्षांचा, किंचित जाड झालेला बॉक्सर मिश्र जातीचा कुत्रा घरातील मुलाच्या सायकलसोबत धावून आल्यावर अंगणात कोसळला होता. रात्री पावसाची सर येऊन गेल्याने हवा दमट होती, परंतु तापमान काही फार चढलेले नव्हते. कुटुंबातील ज्येष्ठ बाई घाबरलेल्या होत्या आणि त्याला मोटारीत घालून लगेच निघतो, असे सांगत होत्या. फोनवर असलेल्या काळजीवाहकाने त्यांना शांत आवाजात थांबवले आणि बागेचा नळ आधी सोडायला सांगितले. "ताई, पाणी मानेपासून शेपटीपर्यंत ओतत राहा, पोटाखालीही ओता. तोंडात पाणी घालू नका, डोके थोडे उंच धरा. एकाने पाणी ओता आणि दुसऱ्याने पंखा आणा." हे शब्द मी शेजारी उभा राहून ऐकले आणि एप्रिलमधील सरावाचे चीज झाल्यासारखे वाटले.

त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून पशुवैद्यांना कळवण्यात आले. दहा-बारा मिनिटे पाणी आणि वारा दिल्यावर कुत्र्याने डोके उचलले. मग त्याला ओल्या अंगानेच, मोटारीच्या सर्व काचा उघड्या ठेवून निवाऱ्यात आणण्यात आले. वाटेत बाई त्याच्या अंगावर बाटलीतले पाणी शिंपडत होत्या. येथे पोहोचल्यावर गुदद्वारातून घेतलेले तापमान ४०.९ अंश भरले. घरी कोसळला तेव्हा ते किती असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. हिरड्या अजूनही गर्द लाल होत्या आणि मागचे पाय लटपटत होते. टबात थंड पाणी देत दर काही मिनिटांनी तापमान मोजण्यात आले आणि ३९.५ अंशांवर थंड करणे थांबवले. त्यापुढेही पाणी ओतत राहिले तर शरीर जास्त थंड होऊन उलट त्रास होऊ शकतो, म्हणून अंग टिपून घेतले आणि मोजणी चालू ठेवली. शिरेतून सलाइन लावण्यात आले, प्राणवायू देण्यात आला आणि रक्तातील साखर लगेच तपासण्यात आली.

साखर आणि रक्त गोठण्याची क्षमता यांवर पशुवैद्य इतका भर का देतात, हे कुटुंबाला समजावून सांगितले. इस्राएलमधील पशुवैद्यकीय रुग्णालयात १९९९ ते २००४ या काळात उष्माघाताने आलेल्या ५४ कुत्र्यांच्या अभ्यासात निम्मे कुत्रे दगावले होते. रुग्णालयात पोहोचायला दीड तासापेक्षा जास्त वेळ लागणे, रक्तातील साखर खालावणे, रक्त गोठण्यास जास्त वेळ लागणे, झटके येणे आणि दिवसभरानंतरही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम बिघडले की रक्तात वाढणारे द्रव्य) चढलेले राहणे, या गोष्टी मृत्यूच्या धोक्याशी जोडलेल्या आढळल्या. अतिउष्णतेने आतड्यांचे अस्तर खराब होते, त्यातून जिवाणू आणि त्यांची विषद्रव्ये रक्तात शिरतात, रक्तवाहिन्यांना आतून इजा होते आणि शरीरभर रक्ताच्या बारीक गाठी होत असतानाच दुसरीकडे रक्तस्राव सुरू होऊ शकतो. तापमान उतरल्यावर कुत्रा शेपटी हलवू लागला तरी ही साखळी आत चालू असू शकते. म्हणून त्याला घरी न पाठवता पूर्ण सुविधा असलेल्या रुग्णालयात देखरेखीखाली ठेवण्यात आले.

१२ मे

बॉक्सरची प्रकृती स्थिर आहे. दुसऱ्या दिवशी जुलाबात थोडे रक्त दिसले होते, ते आता थांबले आहे. मूत्रपिंडाच्या आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या सामान्य आल्या असून आज त्याने आपणहून थोडे खाल्ले. कुटुंबाला तीन गोष्टी लिहून दिल्या : वजन कमी करायचे, सायकलसोबत धावणे कायमचे बंद आणि यापुढे प्रत्येक उन्हाळ्यात त्याला लाल पट्टीचाच कुत्रा समजायचे. मुलाला अपराधी वाटत होते. कुत्रा त्याच्यामागे धावला तो प्रेमापोटी आणि तो वाचला ते घरच्यांनी वेळीच पाणी ओतल्यामुळे, असे पशुवैद्यांनी त्याला जवळ बसवून सांगितले.

२० मे

कूलर लावलेल्या दोन खोल्यांत दुपारी कुत्रे अधिक धापताना दिसले. पाहणी केली तेव्हा थंड हवा बाहेर जाऊ नये या सद्हेतूने खिडक्या बंद केलेल्या आढळल्या. पाण्यावर चालणारा कूलर हवेत ओलावा सोडतो. तो बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि धापण्याचा परिणाम उरत नाही. समोरची खिडकी उघडी ठेवल्यावर अर्ध्या तासात फरक दिसला. बाहेरील हवा ४० अंशांच्या आसपास असेल तेव्हा कोरड्या अंगावर नुसता पंखाही फारसा उपयोगी नाही, कारण तो शरीराहून गरम हवाच अंगावर फेकतो. अंग ओले करून मगच पंखा लावायचा, ही सूचना प्रत्येक विजेच्या बटणफलकाशेजारी चिकटवली आहे.

१२ जून

पावसाळी हवा सुरू झाली आणि तापमान उतरले. लगेच पूर्वीचा दिनक्रम सुरू करावा, अशी मागणी स्वयंसेवकांकडून आली. ती समजण्यासारखी आहे, कारण खोलीत राहून कुत्रेही कंटाळले आहेत. परंतु केवळ तापमानावर विसंबून ही सूट देता येणार नाही. ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याच्या तापमापकाचे (बाष्पीभवनाने किती थंड होता येईल हे दाखवणाऱ्या तापमापकाचे) वाचन सुमारे २१ अंश येते, तर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना ते सुमारे २७ अंश येते. कोरड्या उन्हाळ्यात कुत्र्याच्या अंगावर उष्णतेचा मारा अधिक असतो, पण ती बाहेर टाकण्याची वाटही खुली असते. आजच्यासारख्या हवेत मारा कमी दिसतो आणि वाट अरुंद झालेली असते. ९ मेच्या सकाळीही हवा अशीच होती.

त्यामुळे पुढील व्यवस्था अशी ठरवली. फिरायला नेण्यापूर्वी कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही तापमापकांची वाचने फलकावर लिहिली जातील. लाल पट्टीच्या कुत्र्यांची बंधने पावसाळाभर तशीच राहतील. इतरांना सकाळी पट्ट्याने हळू चालवता येईल, मात्र धावण्याचे खेळ आकाश निरभ्र आणि हवा कोरडी होईपर्यंत बंदच राहतील. अंगणातील टब उचलून ठेवण्याची सूचना आली होती, ती मान्य केलेली नाही. ते स्वच्छ करून, डासांसाठी दर दिवशी पाणी बदलून, जागच्या जागी ठेवले जातील.

दोन कामे शिल्लक आहेत. आवाज बसलेल्या दोन वृद्ध कुत्र्यांपैकी एकाला स्वरयंत्राचा पक्षाघात असल्याचे निश्चित झाले असून त्याच्या शस्त्रक्रियेबद्दल पशुवैद्यांशी पुढच्या आठवड्यात बोलायचे आहे. आणि दत्तक देतानाच्या कागदपत्रांत उन्हाळ्याचे पत्रक जोडण्यास सुरुवात झाली आहे, पण फोनवर सांगायच्या सूचनांचा कागद अजून फक्त कार्यालयात आहे. त्याच्या प्रती रात्रपाळीच्या माणसांकडे आणि रुग्णवाहिकेत उद्या पोहोचवायच्या आहेत.